भरायचं, चढवायचं की घासायचं

जगातली कुठलीही वस्तू कायमची निकामी होत नाही, ती फक्त माणसांच्या आळसामुळे टाकून दिली जाते, असं मनापासून मानणारा एकच माणूस माझ्या पाहण्यात आला आणि तो नेमका माझा साडू निघाला. साडू हे नातं निवडून घेता येत नाही. बायको आपण पसंत करतो, तिच्या थोरल्या बहिणीचा नवरा तिच्याबरोबर आपोआप येतो. माझ्या वाट्याला आलेले हे गृहस्थ माझ्याहून बरेच मोठे, बंगळूरच्या चिकपेटेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरातले. घरचे सगळे कापडाच्या धंद्यात. हे एकटे मेकॅनिकलचा डिप्लोमा करून लोखंडाकडे वळले आणि गिरण्यांचे झिजलेले भाग दुरुस्त करायचा एक लहानसा कारखाना त्यांनी राजाजीनगरात काढला. सगळे त्यांना अण्णा म्हणत, मीही तेच म्हणायला लागलो. ते मला 'साडू' म्हणत. नावानं त्यांनी मला उभ्या जन्मात हाक मारली नाही.

मी मूळचा सातारचा. नव्वदीच्या सुरुवातीला के. आर. पुरमजवळच्या एका मैद्याच्या गिरणीत मेंटेनन्स इंजिनिअर म्हणून नोकरी लागली आणि आम्ही बंगळूरला आलो. अण्णांकडे पहिल्यांदा जेवायला गेलो तेव्हा पानात भात पडायच्या आतच त्यांनी मला आपलं तत्त्वज्ञान ऐकवलं. झिजलेल्या वस्तूला तीन वाटा असतात. पहिली, भरायचं. म्हणजे वेल्डिंग करून किंवा वितळलेल्या धातूचा फवारा मारून गेलेला भाग परत आणायचा. दुसरी, चढवायचं. म्हणजे झिजलेल्या जागेवर लोखंडाची नवी बाही बसवायची. तिसरी, घासायचं. म्हणजे वेडंवाकडं झालेलं सगळं घासून एकसारखं करायचं आणि त्याच्या जोडीच्या भागाला त्या नव्या मापाशी जुळतं करून घ्यायचं. "आणि नवीन घ्यायचं असलं तर?" असं मी सहज विचारलं. अण्णांनी हातातला घास पानात ठेवला आणि माझ्या बायकोकडे बघितलं. ही कुठल्या घरात पडली, असा भाव त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होता. अक्का, म्हणजे माझी मेहुणी, घाईघाईनं "सार वाढू का?" म्हणाल्या, म्हणून विषय तिथंच थांबला.

त्या घरात नवीन असं काही नव्हतंच. छत्रीच्या काड्या दुसऱ्या छत्रीच्या होत्या आणि दांडा तिसऱ्याच कशाचा तरी होता. चहाच्या किटलीचा कान एकदा तुटला तेव्हा अण्णांनी तो कारखान्यात नेऊन असा भक्कम जोडून आणला की त्यानंतर कान किटलीपेक्षा जड झाला. अक्का दोन्ही हातांनी किटली उचलून चहा ओतायच्या आणि पाहुण्यांना वाटायचं, केवढं हे अगत्य. बैठकीच्या खोलीतल्या पंख्याला त्यांनी स्वतःच्या हातानं नवं बुश बसवलं होतं. पंखा लावला की भिंतीवरचं कॅलेंडर हलायचं आणि बोलणं ऐकू यायचं नाही. मी एकदा दबकत तसं म्हटलं. "आवाज येतोय म्हणजे काम करतोय की ओ," अण्णा म्हणाले, "तुमचा पंखा गप्प असतो. आत काय चाललंय, तुम्हाला काय कळणार?" इडलीचं पीठ वाटायचा दगडी ग्राइंडर तर त्यांनी इतक्या वेळा टाकून, म्हणजे टाकीचे घाव घालून, धारदार केला होता की दगड अर्धा उरला होता. अक्का पीठ दोन हप्त्यांत वाटायच्या. त्याबद्दल त्यांनी कधी तक्रार केली नाही, पण घरात कुणी परगावी निघालं की त्या हळूच म्हणायच्या, "येताना काहीतरी नवीन आणा, काहीही."

अण्णांच्या खिशात कायम एक छोटी पितळी हातोडी असायची. कुठलाही भाग दुरुस्त करण्याजोगा आहे की नाही, हे ते आधी हातोडीनं वाजवून बघत. आत तडा असला तर आवाज बसका येतो, हे शास्त्रच आहे, त्यात विनोद काही नाही. पण अण्णा भाजीबाजारात नारळ वाजवत, लग्नघरात आचाऱ्याची पातेली वाजवत, डॉक्टरकडे गेले तर थांबायच्या खोलीतला बाक वाजवत. एकदा भाचीला बघायला मुलाकडची मंडळी स्कूटरवरून आली. ती मंडळी आत पोहे खात असताना अण्णा बाहेर जाऊन स्कूटर वाजवून आले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "मुलगा बरा दिसतोय, पण चेसिस एकदा तुटून जोडलंय. कुठं आपटला होता, विचारून घ्या." विचारल्यावर मुलानं अपघात कबूल केला. जोडणी चांगल्या वेल्डरनं केली आहे, या एका मुद्द्यावर अण्णांनी लग्नाला होकार दिला आणि तो संसार आजही नीट चालू आहे.

दातांच्या डॉक्टरकडे मीच त्यांना घेऊन गेलो होतो. दात भरायचा, त्याच्यावर टोपी चढवायची किंवा घासून सारखा करायचा, असे उपाय तिथंही असतात हे कळल्यावर अण्णांना त्या डॉक्टरीणबाई एकदम आपल्या धंद्यातल्या वाटायला लागल्या. भरलेलं सिमेंट मूळ दाताला किती पकड घेतं, आधी पृष्ठभाग खरखरीत करता की नाही, टोपी गरम करून बसवता की दाबून, अशी चौकशी त्यांनी तोंड उघडं ठेवून जमेल तेवढी केली. बाई म्हणाल्या, हा दात काढावाच लागेल. अण्णा खुर्चीतून उठले आणि मला म्हणाले, "चला साडू. यांच्याकडं मशिनरी कमी आहे." तो दात त्यांनी पुढं कितीतरी वर्षं दुखत दुखत वापरला.

अण्णांचा एकच हळवा भाग होता आणि तो म्हणजे त्यांची मराठी. बाहेर कन्नड, धंद्यात कन्नड आणि थोडी हिंदी, पण घरात मराठीच, हा त्यांच्या आजोबांपासूनचा नेम. त्या मराठीत कन्नड कुठं संपतं आणि मराठी कुठं सुरू होते हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. गणपतीत मंडळात जमायचं तेव्हा पुण्या-मुंबईकडून कंप्युटरच्या नोकऱ्यांसाठी नव्यानं आलेली मुलं त्यांचं बोलणं ऐकून गालात हसायची. अण्णांना ते दिसायचं. "आमची मराठी तुमच्यापेक्षा जुनी आहे ओ," ते ठणकावून सांगायचे, "तुमच्याकडं बदलत गेली. आम्ही सांभाळून ठेवली." रस्त्यात महाराष्ट्राच्या नंबरचा ट्रक दिसला तर ड्रायव्हरला थांबवून चहा पाजणारा माणूस होता हा. ड्रायव्हर पंजाबी निघाला तरी चहा परत घेत नसत.

आमच्या गिरणीत गहू दळायला लोखंडाचे मोठे रोल असतात. दोन रोल शेजारी शेजारी फिरतात, मधून गहू जातो. पहिल्या टप्प्याच्या रोलवर बारीक खाचा असतात, त्यानं गहू फुटतो. शेवटच्या टप्प्याचे रोल मात्र गुळगुळीत असतात, त्यातून मैदा निघतो. एका वर्षी दसऱ्याच्या आधी एका गुळगुळीत रोलची मान, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारं टोक, झिजून सैल झाली. मालकांचं मत पडलं, नवा रोल मागवू. अण्णांना हे कळल्यावर ते सकाळच्या बसनं स्वतः गिरणीत आले, रोल वाजवून बघितला आणि मालकांसमोर बसून तासभर बोलले. अंग निरोगी आहे, फक्त मान गेली आहे, फवारा मारून भरून देतो. शेवटी मालक त्यांच्या हिंदीत म्हणाले, ठीक आहे. दिवाळीचा माल वेळेत निघाला तर गिरणीचं सगळं दुरुस्तीचं काम तुमच्याकडेच राहील. नाही निघाला तर हे शेवटचं. अण्णांच्या कारखान्याचं निम्म्याहून जास्त काम आमच्या गिरणीचं होतं. ते गेलं तर कारखाना कशावर चालणार, हा प्रश्न मला तिथं बसल्या बसल्या पडला. अण्णांना पडलेला दिसला नाही.

त्याच सुमारास अण्णांनी कोल्हापूरकडचा एक कारागीर ठेवला होता. चाळिशी ओलांडलेला, दोन मुलींचा बाप, साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये हात बसलेला माणूस. रोलवर खाचा पाडायचं मशिन त्याच्याकडे दिलं होतं. पहिल्याच दिवशी त्या बारीक समांतर खाचा बघून तो म्हणाला होता, "ह्या तर उसाच्या सऱ्याच की." त्याच्या गावाकडे ऊस लावायला शेतात जी चर पाडतात ती सरी. तेव्हापासून तो खाचांना सऱ्याच म्हणायचा. बाकीचे कामगार कन्नड बोलणारे असल्यामुळे त्याच्या भाषेकडे कुणाचं लक्ष नव्हतं. कारखान्यात कामाच्या खुणा खडूनं कन्नडमध्ये लिहायची पद्धत होती आणि या कोल्हापूरकरांना ती अक्षरं वाचता येत नव्हती. अण्णांना त्याचा फार आनंद झाला. आपल्या कारखान्यात मराठी लिहायची संधी इतक्या वर्षांनी आली होती. ते खडू घेऊन ठळक देवनागरीत लिहायला लागले.

आमच्या रोलची मान त्यांनी स्वतः उभं राहून भरून घेतली, मापाला घासून घेतली, वाजवून बघितली. सगळं मनासारखं झाल्यावर रोलच्या गुळगुळीत अंगावर त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'सरी'. दुसऱ्या दिवशी ते एका लग्नासाठी तुमकूरला गेले. कन्नडमध्ये सरी म्हणजे बरोबर, ठीक. चिकपेटेतल्या मराठी घरांत दिवसातून शंभर वेळा हा शब्द बोलला जातो. हे कोल्हापूरकरांना माहीत असायचं काही कारण नव्हतं. त्यांनी रोल बघितला. इतका झिजलाय की खाचेचं नावसुद्धा उरलेलं नाही, असं त्यांना वाटलं. अंगावर अण्णांच्या हातची सूचना होती. त्यांनी रोल मशिनवर चढवला आणि दिवसभर खपून या टोकापासून त्या टोकापर्यंत सुरेख सऱ्या पाडल्या.

संध्याकाळी मी रोल न्यायला टेंपो घेऊन गेलो, तेवढ्यात अण्णाही लग्नाच्या धोतरातच तिथं पोहोचले. त्यांनी रोलवरून हात फिरवून बघितला. मग अगदी साध्या आवाजात विचारलं, "हे कुणी करायला सांगितलं?"

"तुम्हीच की अण्णा," कोल्हापूरकर म्हणाले, "लिवलं न्हाई का तुम्ही? सरी."

"सरी म्हणजे सरी आहे. झालं, बरोबर झालं, पाठवा."

"आमच्याकडं सरी म्हंजे ही," असं म्हणून त्यांनी खाचेवर बोट ठेवलं. तोवर त्यांच्याही लक्षात आलं होतं.

अण्णा माझ्याकडे वळले. "साडू, तुमच्या सातारकडं काय म्हणतात सरीला?"

मी म्हटलं, तिकडेही सरी म्हणजे चरच. ठीक या अर्थाचा तो शब्द कन्नड आहे.

"कन्नड? माझी आजी म्हणायची ओ," अण्णा म्हणाले. "ती कन्नड बोलतच नव्हती. तिला येतच नव्हतं." एवढं बोलून ते स्टुलावर बसले. रोल फुकट गेल्याचं दुःख त्यांच्या चेहऱ्यावर होतंच, पण त्या क्षणी त्यांना लागलेलं मला दिसलं ते दुसरंच होतं.

मग अण्णा उठले आणि तीन वाटा तपासायला लागले. भरता येत नव्हतं. रोलचं वरचं कवच टणक ओतीव लोखंडाचं असतं, वेल्डिंगची आच लागली की तडकतं. फवाऱ्याचा थर दळण्याच्या दाबाखाली टिकला नसता, पापुद्रे मैद्यात पडले असते. एवढ्या मोठ्या अंगावर बाही चढवणं शक्यच नव्हतं. खाचेच्या रोलच्या जागी वापरावा तर लांबी वेगळी. राहिलं घासणं. कोल्हापूरकरांनी मन लावून काम केल्यामुळे सऱ्या चांगल्या खोल गेल्या होत्या. त्या घासून काढल्या असत्या तर टणक कवच अगदी पातळ उरलं असतं. दिवाळी मजेत निघाली असती, त्यानंतर केव्हातरी कवच जाऊन आतलं मऊ लोखंड उघडं पडलं असतं. तोवर कुणाला काही कळलं नसतं. हे आम्हाला तिघांनाही दिसत होतं. अण्णांनी हातोडी काढून रोल एकदा वाजवला. आवाज छान, खणखणीत आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गिरणीत आले. मालकांच्या खोलीत मी होतो आणि पुण्याहून आलेले आमचे हिशेबनीस होते. अण्णांनी घडलं ते सांगितलं आणि म्हणाले, "शेठ, नया ले लो." त्यांच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. नव्या रोलचा भुर्दंड ते स्वतः सोसणार होते, तेही त्यांनी सांगितलं. मालक माणूस म्हणून वाईट नव्हते, पण दिवाळीचा माल अडकला होता. ते म्हणाले, "जिसने गलती की, उस आदमी को निकालो. फिर आपका काम चालू रखेंगे."

सुटका इतकी सोपी होती. कोल्हापूरकरांना येऊन महिनाही झाला नव्हता. साखर कारखान्यात त्यांना पुन्हा काहीतरी मिळालं असतं. मी अण्णांकडे बघत होतो.

"उसने ठीक पढ़ा, शेठ," अण्णा म्हणाले. "मैं गलत लिखा. मेरा मराठी गलत है."

हिशेबनीस हसले. त्यात वाईट हेतू नव्हता, ते वाक्यच त्यांना विनोदी वाटलं असणार. पण मंडळात इतकी वर्षं ज्या माणसानं आपल्या भाषेवर कुणाला बोट ठेवू दिलं नाही, त्यानं ते परक्या माणसासमोर, परक्या भाषेत कबूल केलं होतं. मालकांनी पुन्हा विचारलं, म्हणजे त्याला काढणार नाही? "नहीं," अण्णा म्हणाले. गिरणीचं काम पुढच्या आठवड्यात पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या दुसऱ्या एका कारखान्याकडे गेलं. ती ऑर्डर माझ्याच सहीनं काढावी लागली, आणि अण्णांनी त्याबद्दल मला पुढं कधी एका शब्दानं विचारलं नाही.

कारखाना बंद पडला नाही, लहान झाला. बाकीचे कामगार एकेक करून दुसरीकडे लागले. अण्णा आणि कोल्हापूरकर दोघं मिळून भाताच्या गिरण्यांचे शाफ्ट, लोकांचे ग्राइंडर, जे येईल ते भरत, चढवत आणि घासत राहिले. किटली, पंखा, हातोडी सगळं पूर्वीसारखंच होतं. एक गोष्ट तेवढी बदलली. अण्णांनी 'सरी' म्हणायचं सोडलं. अक्कांनी विचारलं, "जेवायला वाढू?" तर ते "स..." एवढं म्हणून थांबायचे आणि मग आठवून म्हणायचे, "बरोबर." ग्राइंडर घेऊन आलेली शेजारीण पुन्हा कधी येऊ म्हणाली तरी बरोबर, नातवानं फटाके मागितले तरी बरोबर. शब्द अगदी शुद्ध होता आणि त्यांच्या तोंडात तो कधी बसलाच नाही. ज्या माणसानं आयुष्यात दातसुद्धा काढू दिला नाही त्यानं आजीचा शब्द काढून त्या जागी नवा आणला होता. मला ते बघवत नसे.

एकदा रविवारी दुपारी आम्ही दोघंच बसलो होतो तेव्हा मी विषय काढला. म्हटलं, अण्णा, घरात तरी सरी म्हणा. इथल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या बोलला गेलेला शब्द मराठी नाही तर काय आहे?

"तुम्ही सातारचे," ते म्हणाले. "तुम्ही म्हणता का?"

मी वर पंख्याकडे बघितलं. तेही तिकडेच बघत बसले. थोड्या वेळानं अक्का चहा घेऊन आल्या.

अण्णांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या मागं कोल्हापूरकरांनी तो कारखाना जमेल तितके दिवस चालवला आणि मग गावाकडे जाऊन राहिले. मी इथंच आहे, निवृत्त झालोय. मागच्या उन्हाळ्यात सातारला पुतण्याच्या मुंजीला गेलो होतो. आचारी विचारायला आला, संध्याकाळी किती पानं धरू? मी आकडा सांगितला. त्यानं तो पुन्हा म्हणून दाखवला, आणि मी म्हटलं, "सरी."

धाकटा भाऊ शेजारी उभा होता. हसून म्हणाला, "हे काय रे नवीन? सरी म्हणजे काय?"

"सरी म्हणजे बरोबर," मी म्हटलं. "आमच्यात असंच म्हणतात."